दगडाचा ठाव

संक्रांत दोन दिवसांवर आली होती आणि कांचन ओट्याशी उभी राहून गूळ फोडत होती. गच्चीवर पतंग आधीच सुरू झाले होते, कुणाचा पतंग काटला की वरून ‘काप्यो छे’ची ओरड येत होती. तिची मुलगी श्रद्धा कप विसळायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि नळ चालू ठेवूनच आईच्या हाताकडे बघत उभी राहिली.

कांचनच्या हातात नेहमीचा दगड होता. तांबूस, तळहाताहून थोडा मोठा, एका टोकाला जाड आणि गोलसर, दुसऱ्या टोकाला निमुळता. जाड बाजू मुठीत नीट बसायची आणि पातळ कड गुळाच्या भेलीवर मारली की हवा तेवढाच तुकडा सुटायचा. श्रद्धा शाळेत जायला लागली तेव्हापासून तो घरात होता, खलबत्त्याच्या शेजारी. भातुकलीत तिनं त्याची होडी केली होती, अंथरूणसुद्धा घातलं होतं त्याला. विद्यापीठात पुरातत्त्व शिकायला लागून तिला चार वर्षं होत आली होती. एवढ्या काळात तिनं तो दगड रोज पाहिला होता आणि एकदाही नीट पाहिला नव्हता.

“आई, थांब,” ती म्हणाली. “दे तो इकडे.”

तिनं दगड नळाखाली धरला, गुळाचा चिकटा बोटांनी काढला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला. दोन्ही अंगांवर उथळ खळगे होते, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे. एकाला लागून एक, आणि सगळे त्या कडेशी येऊन मिळणारे. नदीत घासून दगड गुळगुळीत होतो, पण त्याला अशी दोन्हीकडून टिपलेली कड येत नाही. ती आणायची तर कुणीतरी एक दगड हातात धरून दुसऱ्या दगडानं त्याच्या कपच्या उडवाव्या लागतात. हे ती दोन वर्षं दुसऱ्यांच्या दगडांवर ओळखायला शिकत होती.

तिनं आईला सांगितलं की ही हातकुऱ्हाड आहे. कांचनला वाटलं पाथरवटानं केलेली असेल. श्रद्धानं मान हलवली. पाथरवट नव्हते तेव्हाची, शेती नव्हती, भांडी नव्हती, तेव्हाची. कांचननं एकदा दगडाकडे, एकदा अर्ध्या फुटलेल्या भेलीकडे पाहिलं आणि मग आता गूळ कशानं फोडू, असं विचारलं.

दगड आणला होता श्रद्धाच्या वडिलांनी, गोविंदरावांनी. ते मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या बांधकाम खात्यात लागले, बदली होऊन बडोद्याला आले आणि इथलेच झाले. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बडोद्याहून छोटा उदेपूरला जाणारी छोटी लाइन काढून तिथं ब्रॉडगेज टाकली, त्या कामावर ते सुपरवायझर होते. आठवडाभर साइटवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. अशाच एका शनिवारी त्यांनी पिशवीतून हा दगड काढून ओट्यावर ठेवला होता. का आणला, असं कांचननं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की हातात धरला आणि टाकवेना. लग्नानंतर नवऱ्यानं आपणहून आणलेल्या वस्तू फार नव्हत्या, त्यामुळे कांचननं तो ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी श्रद्धा तो जुन्या टॉवेलात गुंडाळून फतेगंजला, विभागात घेऊन गेली. तिचे मार्गदर्शक समरजित सर. त्यांचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेतून इकडे आलेले, घरात अजून मराठी, पण सरांच्या तोंडी गुजराती इतकी मुरलेली की रागावले तरी गुजरातीतच रागवायचे. त्यांनी टॉवेल उघडला, दगड उजव्या हातात घेतला, मग डाव्या हातात. टेबलावरचा फोन वाजून थांबला.

मग त्यांनी विचारलं, हा कुणाकडे होता. श्रद्धानं सगळं सांगितलं. वडिलांना रेल्वेच्या कामावर मिळाला, त्यांनी आईला दिला, आई त्यानं गूळ फोडते, लहानपणी मी खेळले. इतका सलग इतिहास असलेली वस्तू विभागाच्या कपाटातही फारशी नाही, हे तिला माहीत होतं, आणि तिच्या आवाजात तो अभिमान आला असावा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हा झाला प्रॉव्हेनन्स,” ते म्हणाले. “आता प्रॉव्हीनियन्स सांग.”

त्या लाइनवर बोडेलीच्या पुढं कुठेतरी, एवढंच श्रद्धा म्हणू शकली. सरांनी दगड परत टॉवेलावर ठेवला, अगदी हळू. त्याच्याकडे बघून तीन-चार लाख वर्षं म्हणायला मला भीती वाटणार नाही, ते म्हणाले, पण जागा कळली नाही तर मी काहीच म्हणू शकत नाही, मग हा नुसता देखणा दगड. मातीच्या कुठल्या थरात होता, वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी आणखी कोण पडलं होतं, त्याची सगळी गोष्ट तिथं आहे. हातात फक्त तो आहे.

रात्रीची जेवणं झाल्यावर श्रद्धानं हे घरी सांगितलं. कांचनला ते दोन शब्द सारखेच ऐकू आले आणि तिनं दोनदा उच्चारून पाहिले. एवढे जुळ्यासारखे शब्द कशाला करून ठेवले, असं तिचं म्हणणं पडलं. श्रद्धा म्हणाली की कोशातसुद्धा दोघांना मराठीत एकच प्रतिशब्द सापडतो, उगमस्थान, आणि म्हणूनच गोंधळ होतो. पहिला शब्द म्हणजे वस्तू सापडल्यानंतर कुणाकुणाच्या हातून गेली, कुठून कुठे आली, त्याची साखळी. चित्र असलं, मूर्ती असली, तर लोक हेच विचारतात. दुसरा म्हणजे ती जमिनीत नेमकी कुठे पडली होती ती जागा. नुसतं गाव नाही. किती खोल, कुठल्या थरात, कुठल्या अंगावर.

कांचननं थोडा विचार केला. “म्हणजे एक हात, आणि दुसरा ठाव,” ती म्हणाली.

श्रद्धानं मान डोलावली. तिला यापेक्षा बरं सांगता आलं नसतं.

गोविंदराव इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांना आयुष्यभर बडोद्यात लोकांनी तुम्ही मूळचे कुठले असं विचारलं होतं, आणि ते भुसावळ सांगत आले होते, खरं म्हणजे त्यांचे वडील भुसावळला आले रावेरकडच्या एका खेड्यातून. कुठून आलो आणि कुठे होतो यांत फरक असतो, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सांगितलं की जागा मी दाखवतो. कांचनला हसू आलं, कारण सकाळीच ते डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत होते. पण ते हसले नाहीत. चष्म्याचं राहू दे, ते म्हणाले, त्या लाइनवरची एकेक मोरी मला माहीत आहे.

संक्रांत उलटल्यावर पहिल्या रविवारी तिघं बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनातून सकाळच्या गाडीनं निघाले. डभोई गेलं, संखेड्याचा फाटा गेला. गोविंदराव खिडकीशी बसले होते. मैलाचे दगड ते बघतच नव्हते. रुळाखालून पाणी जायला बांधलेल्या मोऱ्या मात्र येतील तशा ओळखत होते, ही पावसात दोनदा वाहून गेलेली, हिच्या कामाला गवंडी मिळत नव्हता. बोडेलीला उतरून त्यांनी रिक्षा केली, मग रिक्षा सोडून शेताच्या बांधावरून चालू लागले. कांचनचे गुडघे दुखत होते, पण ती मागे राहिली नाही.

रूळ तिथं उंच भरावावरून जात होता. एका लहान मोरीपाशी गोविंदराव थांबले, इकडेतिकडे पाहिलं, चार पावलं मागे आले आणि भरावाच्या पायथ्याशी बूट टेकवून म्हणाले की इथं. डंपर रिकामा झाला आणि हा दगड घरंगळत माझ्या पायाशी आला. उन्हात ओला होता, म्हणून दिसला.

श्रद्धा गुडघ्यांवर बसली. पिशवीतून लहान थापी काढून तिनं भरावाची कड थोडी खरवडली. आत सगळं एकत्र होतं, तपकिरी माती, नदीचे गोटे, विटेचा तुकडा, प्लास्टिकची एक फाटकी पट्टी. तिनं थापी थांबवली आणि वडिलांकडे वर पाहिलं. गोविंदरावही त्या विटेच्या तुकड्याकडेच बघत होते.

“ही माती इथली नाही,” ते म्हणाले. “ही मी आणलीय.”

त्यांना ते आत्ता, म्हणता म्हणता उमगत होतं. भराव घालायचा तर माती दुसरीकडून खणून आणावी लागते. त्यांनीच रोज डंपर सोडले होते, त्यांनीच माती दाबून घेतली होती. दगड सापडला तो इथं, पण तो इथला नव्हता. ते भरावाकडे वर बघत राहिले. लांबून गाडीचा भोंगा आला आणि सकाळी त्यांना आणणारी गाडी आता उलटी, बडोद्याकडे, त्यांच्या डोक्यावरून गेली. पायाखालची जमीन बराच वेळ थरथरत होती. गोविंदरावांनी एवढंच विचारलं की मग यात असे किती असतील. श्रद्धानं त्यांचा हात धरला आणि विचारलं की माती कुठून आणली होती.

ते त्यांना आठवत होतं, पण वाट बदलली होती. तेव्हा डंपर जायचे तो कच्चा रस्ता आता कपाशीच्या शेतात बुडालेला होता. शेताच्या कडेला शेळ्या चारणारा एक माणूस भेटला, रायसिंगभाई राठवा. गोविंदरावांनी गुजरातीत विचारलं की रेल्वेनं माती काढली तो खड्डा कुठे. रायसिंगभाई हसला. तेव्हा तो स्वतः त्या खड्ड्यावर पाट्या टाकायच्या कामाला होता. खड्ड्यात पाणी साठून आता तिथं तलावडी झाली आहे, गावातली ढोरं तिथंच पाणी पितात, असं सांगून तो शेळ्यांसकट पुढे चालू लागला.

तलावडी मोठी नव्हती. पाणी ओसरून मध्यावर गेलं होतं आणि एका बाजूची उभी कड उघडी पडली होती, माणसाच्या उंचीहून थोडी जास्त. वरचा बहुतेक भाग सलग तपकिरी गाळाचा, सुरीनं कापल्यासारखा. खाली, पायाशी, गोट्यांचा एक घट्ट थर. रायसिंगभाईनं सांगितलं की गोटे लागले तेव्हा खणणं बंद केलं, मशीनचे दात मोडायला लागले होते.

श्रद्धा कडेच्या एका टोकाला गेली आणि चालायला लागली. एक पाऊल टाकायची, थांबायची, कडेवरून नजर फिरवायची, मग दुसरं पाऊल. तिचे आईवडील वर कडुलिंबाखाली बसून बघत होते. कांचननं डब्यातले पराठे काढले, श्रद्धाला हाक मारली, तिनं ऐकलं नाही. पुन्हा मारली नाही. घरात टॉवेल कुठे आहे ते विचारणारी ही मुलगी मातीसमोर अशी उभी राहते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

कडेच्या शेवटाकडे, गाळ जिथं संपतो आणि गोटे सुरू होतात नेमकं तिथं, श्रद्धा खाली बसली. मग पोटावर आडवी झाली. गालाला माती लागेल एवढी जवळ गेली. मग हळूच मागे सरकली.

“कुणी हात लावू नका,” ती म्हणाली.

कुणी जवळही नव्हतं. गोविंदराव घसरत घसरत खाली उतरले, रायसिंगभाईनं कांचनला हात देऊन उतरवलं. मातीतून बोटभर काहीतरी बाहेर आलं होतं. तांबूस, पातळ, दोन्हीकडून टिपलेली कड. कांचनला ती कड ओळखीची होती, सतरा वर्षं तिच्या मुठीतून ती गुळावर उतरत होती. पण ही तिची नव्हती. ही जमिनीत रुतलेली होती, वर पुरुषभर माती घेऊन.

गोविंदरावांना वाटलं होतं की मुलगी आता तो काढेल. तिनं काढला नाही. तिनं बाजूला मोजपट्टी लावून फोटो घेतले, फोनवर जागेची नोंद घेतली, वरचा थर, खालचा थर, उतार कुठे आहे, सगळं मापलं, आणि सरांना फोन केला. सर पलीकडे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण श्रद्धा तीनदा हो म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज बदलला.

मग ती आईशेजारी मातीतच बसली. चौघंही त्या बोटभर कडेसमोर ओळीनं बसले होते, पंगतीला बसावं तसे. शेवटी कांचननं विचारलं, “याला शेवटचा हात कुणाचा लागला असेल?”

श्रद्धानं हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

“ज्यानं खाली ठेवला, त्याचा,” ती म्हणाली. “त्यानंतर कुणाचाच नाही.”

कांचननं पदर खांद्यावरून ओढून घेतला. घरच्या दगडाला किती हात लागले होते. खड्डा खणणाऱ्यांचे, डंपरवाल्याचे, गोविंदरावांचे, तिचे स्वतःचे, लहान श्रद्धाचे, परवा सरांचे. त्याला नुसते हात होते आणि ठाव नव्हता. आणि याला फक्त ठाव होता. मध्ये कुणीच नव्हतं. मध्ये रामराज्य झालं, गायकवाड आले, रेल्वे आली, कुणाला याचा पत्ता नव्हता. कुणीतरी ठेवला, आणि मग आज ते बसले होते. ती हात जोडावेत का या विचारात पडली, आणि कुणाला जोडायचे ते न कळून तिनं ते मांडीवरच एकमेकांत धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी समरजित सर श्रद्धा आणि गोविंदरावांबरोबर तलावडीवर आले. रविवारी त्यांना निघता आलं नव्हतं आणि रात्रभर झोप लागली नव्हती, हे त्यांनी गोविंदरावांना नंतर सांगितलं. ते कडेसमोर उकिडवे बसले, खूप वेळ बसले, आणि उठताना त्यांना गुडघ्याला हात टेकावा लागला. गोविंदरावांच्या मनात एक गोष्ट सलत होती, ती त्यांनी विचारली. आपण एवढी माती उचलून नेली, त्यात काय काय मोडलं असेल. सरांनी खांद्यावर हात ठेवला. तुम्ही खणलं नसतं तर हे अजून दोन लाख वर्षं खालीच राहिलं असतं, ते म्हणाले. गोविंदरावांचं त्यानं पूर्ण समाधान झालं नाही, पण बरं वाटलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आपल्या घरचा दगड याच ठिकाणचा का. सर म्हणाले की बहुधा असेल. पण बहुधा ही काही जागा नाही, गोविंदराव. तसं मला लिहिता येत नाही.

घरचा दगड कांचननं आपणहून विभागाला देऊन टाकला. देताना तिनं तो घासून स्वच्छ केला होता. सरांनी त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीवर ठिकाणाच्या जागी अज्ञात असं लिहिलं, आणि हातांच्या जागी गोविंदरावांचं नाव, तिचं नाव आणि स्वयंपाकघर, मांजलपूर, बडोदे. कांचननं ते दोनदा वाचलं. पुरातत्त्वाच्या कपाटात आपलं स्वयंपाकघर जाऊन बसेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

उत्खननाची परवानगी येईपर्यंत मार्च उजाडला. ऊन कडक झालं होतं. श्रद्धा आणि विभागाची पाच-सहा मुलं तिथल्या शाळेच्या खोलीत उतरली. कडेच्या वरून, आतल्या बाजूनं, त्यांनी एक चौकोन आखला आणि वरचा गाळ थराथरानं उतरवायला घेतला. रायसिंगभाई आणि त्याच्या घरची माणसं मदतीला होती. पहिले काही दिवस नुसती माती निघाली. खाली गोट्यांचा थर जवळ आला तेव्हा फावडी बाजूला ठेवून सगळे थाप्या आणि कुंचल्यांवर आले.

मग एका दुपारी श्रद्धाचा फोन आला. तिनं फक्त इतकंच सांगितलं की पप्पा, उद्या आईला घेऊन या. काय झालं ते सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, सांगता येत नाही, बघा.

ते पोचले तेव्हा चौकोनाच्या कडेला सगळे उभे होते. उतरायला बांबूची शिडी लावली होती. खाली जुनी जमीन उघडी पडली होती, गोट्यांची, कुठे कुठे ओल्या मातीचा गिलावा राहिलेली. त्या जमिनीवर दगडाच्या कपच्या पडल्या होत्या. नखाएवढ्या, बोटाएवढ्या, काही पानाएवढ्या रुंद, कडा अजून इतक्या ताज्या की हात कापेल. पाण्यानं वाहून आलेल्या असत्या तर घासल्या असत्या, इकडेतिकडे झाल्या असत्या. या पडल्या तशा पडून होत्या. आणि त्यांच्या एका कडेला ती हातकुऱ्हाड होती, अजून जागेवरच.

श्रद्धानं आईवडिलांना खाली न उतरवता कडेवरूनच दाखवलं. कुंचल्याच्या दांड्यानं तिनं हवेत एक रेघ काढली. कपच्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. समोर दाट होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या, दोन्ही बाजूंना विरळ होत गेलेल्या. आणि मध्ये एक जागा मोकळी होती. आसनाएवढी. तिथं एकही कपची नव्हती, आणि तिच्या दोन बाजूंनी कपच्यांच्या दोन ओळी पुढे गेल्या होत्या.

गोविंदरावांना दिसायला वेळ लागला. कांचननं आधी मुलीकडे पाहिलं, आणि मग पुन्हा खाली.

“कुणीतरी बसलं होतं,” ती म्हणाली.

श्रद्धानं मान डोलावली. पाय पसरून, ती म्हणाली. असे पुढे. मध्ये दगड धरला होता. कपच्या उडत होत्या त्या पायांच्या बाजूनं पडत होत्या. मग उठून गेलं. कुऱ्हाड उजवीकडे ठेवली आणि उठून गेलं. का, ते माहीत नाही. बहुतेक लगेच पूर आला आणि वर गाळ बसला, आणि मग कुणी परत आलंच नाही.

कांचननं विचारलं की माणूसच होता का. श्रद्धानं सांगितलं की आपल्यासारखा नसेल. त्या लोकांचं एक हाडही या भागात मिळालेलं नाही, कपाळ कसं होतं, बोलत होते का, काही ठाऊक नाही. बाई होती की बाप्या, तेही नाही. तोंड कुणीकडे होतं एवढं मात्र सांगता येतं. तिनं हात केला. तेव्हा तिकडून पाणी वाहत होतं, आता कपाशी होती.

गोविंदरावांनी पायातले बूट काढले आणि बाजूला ठेवले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जमीन मापली, खणली, दाबली, तिच्यावर रूळ टाकले. ती जमीन कुणाची तरी बसायची जागा असू शकते, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

चहा आला. मुलं पुन्हा कामाला लागली. प्रत्येक कपचीची जागा टिपायची होती, खाली उतरून, वाकून, दोरीच्या चौकटीतून. सर वरून मापं विचारत होते, श्रद्धा खालून सांगत होती. कांचन कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसली आणि बघत राहिली. काम संध्याकाळपर्यंत चाललं. मुलं इकडून तिकडे जात होती, फळ्यांवरून, एकमेकांना कुंचले देत, बादल्या सरकवत. मधल्या त्या मोकळ्या जागेत काहीच टिपायचं नव्हतं, तिथून सरळ ओलांडून गेलं असतं तर दोन पावलं वाचली असती. पण प्रत्येक जण वळसा घालून जात होता. रायसिंगभाई पाण्याची कळशी घेऊन खाली उतरला, तोही त्या जागेपाशी आला, थबकला, आणि बसलेल्याला धक्का लागू नये तसा अंग चोरून बाजूनं गेला.